ठोकळा गेला, चपटा आला: जुन्या गेम्ससाठी सीआरटी सोडून फ्लॅट स्क्रीन, वर्षभराचा अनुभव

माझा सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला टीव्ही गेला तेव्हा गेममधला सोनिक धबधब्यापुढून पळत होता. अचानक सगळं चित्र आक्रसलं आणि मधोमध एक लख्ख पांढरी आडवी रेघ उरली, आवाज मात्र जागच्या जागी, रिंगा गोळा केल्याचं टिंग टिंग चालूच. ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा बीम वरखाली हलवणारं सर्किट गेलं की असं होतं, सगळं चित्र एकाच ओळीत ओतलं जातं, आणि ती रेघ जास्त वेळ राहू दिली तर ट्यूबवर कायमचा डाग पडतो म्हणून धावत जाऊन बटण बंद केलं. याआधी दोनदा दुरुस्त करून घेतला होता. या वेळी मेकॅनिकने मागचं झाकण काढलं, आत डोकावला, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की पुढे काही विचारायची गरजच उरली नाही. (स्वतः झाकण उघडायच्या भानगडीत पडू नका, आत 20-25 हजार व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढला तरी ट्यूबमध्ये चार्ज राहू शकतो.)

तेव्हापासून वर्षभर माझे जुने कन्सोल फ्लॅट स्क्रीनवर चालतायत, निन्टेंडोचा एनईएस, सेगाचा मेगा ड्राइव्ह आणि सोनीचं पहिलं प्लेस्टेशन. एमुलेटरची, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची काडी नाही, खरी मशीन आणि खऱ्या कॅसेट-सीडी. आणि वर्षभरानंतर माझं मत असं झालंय की ज्याला आपण 'टीव्ही बदलणं' म्हणतो ते टीव्ही बदलणं नसतंच. जुन्या गेमचं अर्धं चित्र कन्सोल काढायचा आणि उरलेलं अर्धं ट्यूब काढायची, ते उरलेलं अर्धं आता कुठूनतरी आणावं लागतं. नुसता महागाचा टीव्ही आणला तर ते त्याच्यासोबत येत नाही.

मला हे आधी माहीत नव्हतं. म्हणून मी काय केलं, एनईएसची पिवळी पिन सरळ नव्या टीव्हीच्या मागे खुपसली. मारिओ दिसला, पण कसा, ओल्या कागदावर स्केचपेनने काढल्यासारखा, कडा फुटलेल्या, लाल रंग शेजाऱ्यावर सांडलेला. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण पहिल्या लेव्हलच्या पहिल्याच खड्ड्यात पडलो. परत गेलो, परत पडलो. जो खड्डा मी शाळेत असताना झोपेतसुद्धा ओलांडला असता तो! बटण आधी, उडी मागून. अगदी क्षणभराचाच फरक, पण हाताला कळतो, आणि एकदा कळला की दुसरं काही जाणवतच नाही. टीव्हीत गेम मोड, म्हणजे उशीर कमी करणारी सेटिंग लावली, थोडा फरक पडला, खड्डा मात्र तसाच.

कारण नंतर समजलं आणि ते भारी आहे. जुना टीव्ही 480 ओळींचं चित्र एका दमात काढायचा नाही, आधी एक सोडून एक अशा 240 ओळी, मग मधल्या 240. एनईएस आणि मेगा ड्राइव्हच्या जमान्यातल्या कन्सोलवाल्यांनी यात एक पळवाट काढली, त्यांची मशीन दर वेळी त्याच 240 ओळींवर चित्र टाकायची, मधल्या ओळी काळ्याच राहायच्या. त्यामुळे सेकंदाला 60 अख्खी चित्रं मिळायची आणि दोन ओळींमधली जी बारीक काळी फट दिसते, आपण जिला स्कॅनलाइन म्हणतो, ती या पळवाटेची देणगी. आता बहुतेक फ्लॅट टीव्हींना ही पळवाट कळत नाही. त्यांना वाटतं ही अर्धी अर्धी चित्रं आहेत, मग ते दोन वेगवेगळी चित्रं पकडून एकात शिवतात, शिवायला वेळ लागतो म्हणून लॅग, म्हणजे बटणानंतरचा तो उशीर, आणि शिवण दिसते म्हणून फुटलेल्या कडा. मार लागल्यावर मारिओ लुकलुकतो ना, एका फ्रेममध्ये आहे, पुढच्या फ्रेममध्ये नाही, तिथे तर आणखी मजा, कधी तो जाळीदार दिसतो तर कधी पार गायबच. एक फ्रेम म्हणजे 16.7 मिलिसेकंद, टीव्हीने अशा चार-पाच फ्रेम आत दाबून ठेवल्या की संपलं.

मग मी जे सगळे करतात ते केलं, एक छोटासा प्लास्टिकचा कन्व्हर्टर डबा मागवला, एका बाजूला लाल-पांढरी-पिवळी पिन आणि दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, तसेच शंभर नावांनी मिळतात. तोसुद्धा तीच चूक करतो, वर जुन्या टीव्हीच्या आकाराचं 4:3 चं चित्र ताणून नव्या टीव्हीइतकं रुंद 16:9 करतो, म्हणजे मारिओ रुंद आणि बुटका. भाचा बघत बसला होता, म्हणाला, "मामा, हा जाडा झालाय." तो डबा आता ड्रॉवरमध्ये आहे, अजिबात घेऊ नका.

जे खरंच चाललं ते म्हणजे रेट्रो गेमिंगसाठीच बनवलेला स्केलर, जुनं चित्र नव्या स्क्रीनच्या मापाचं करून देणारा डबा. यात ओएसएससी आहे, रेट्रोटिंकची मॉडेल्स आहेत, फ्रेममायस्टर एके काळी फार चालायचा. मी शेवटी रेट्रोटिंक 4के घेतला, 2023 च्या अखेरीस आलेला. या डब्यांना 240 ओळी म्हणजे 240 ओळीच हे कळतं, शिवणकाम करत बसत नाहीत. पहिल्यांदा चालू केला आणि खड्डा ओलांडला, मग उगाचच मागे येऊन परत ओलांडला.

4के टीव्ही यासाठी योग्य का तर साधा हिशोब आहे. 4के स्क्रीनला उभ्यात 2160 ओळी असतात, 240 गुणिले 9 बरोबर 2160, बाकी शून्य. 1080 ला भागायला गेलात तर साडेचार येतं, म्हणजे काही ओळी चार पट जाड आणि काही पाच पट, आणि स्क्रोल होताना त्या लाटेसारख्या थरथरतात. किंवा पाच पट करून वरखालचं थोडं कापायचं, ते मला आवडत नाही, स्कोअर कापला जातो. नऊ पटीत आणखी एक फायदा आहे, गेमच्या एका ओळीसाठी स्क्रीनच्या नऊ ओळी मिळतात, त्यामुळे स्कॅनलाइन म्हणून नुसती काळी पट्टी मारावी लागत नाही. खऱ्या ट्यूबवर उजळ ओळ जाड दिसायची आणि अंधारी ओळ बारीक, ते सगळं नऊ ओळींत बसवता येतं. शिवाय ट्यूबच्या काचेवर चमकणाऱ्या फॉस्फरच्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांची जाळीसुद्धा. सोनीच्या ट्रिनिट्रॉन टीव्हीसारखी उभ्या पट्ट्यांची हवी की ठिपक्यांची, तेही निवडा. सुरुवातीचे दोन आठवडे मी गेम खेळलोच नाही, नुसता मेनूत बसून जाळ्या बदलत होतो. बायको म्हणाली, "अहो, खेळताय की रंगकाम चाललंय?" बरोबरच होतं तिचं.

आता धबधब्याची गोष्ट, कारण मला खरी अक्कल तिथे आली. नवा स्केलर आणलाच आहे तर मेगा ड्राइव्हला लाल, हिरवा, निळा वेगवेगळा नेणारी आरजीबी केबलही चांगली लावू म्हटलं, पिवळ्या पिनेपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र येतं. आलंही. आकाश निळंशार, सोनिकच्या बुटाची पट्टीसुद्धा मोजून घ्या. आणि तो धबधबा, ग्रीन हिल झोनमधला, 1991 पासून ज्याच्यातून पलीकडचा डोंगर दिसायचा, तो चक्क कंगवा दिसत होता. उभ्या रेघा, एक पाण्याची, एक मागच्या डोंगराची, एक पाण्याची. पाणी पारदर्शक कधी नव्हतंच! मेगा ड्राइव्हला असं पाणी सोप्या पद्धतीने काढता यायचं नाही, म्हणून चित्रकारांनी एकाआड एक रेघा काढल्या आणि पिवळ्या पिनेचं गचाळ चित्र त्या एकमेकींत मिसळून टाकेल यावर विसंबून राहिले. म्हणजे ज्या गचाळपणापासून सुटायला मी केबल बदलली तो गचाळपणा चित्रकाराच्या पेटीतला एक रंग होता. शेवटी मेगा ड्राइव्हपुरती मी पिवळी पिनच परत लावली, स्केलरमधून. धबधबा परत आला.

तसंच प्लेस्टेशनवर, 'सिंफनी ऑफ द नाइट' या गेममध्ये ड्रॅक्युलाचं चित्र येतं त्याच्या डोळ्यातला लाल ठिपका बघा, चौकोनी पिक्सेलमध्ये तो चुकून पडलेला शाईचा डाग वाटतो, ट्यूबची जाळी लावली की डोळा पेटतो. एकच पिक्सेल आहे हो.

पॅनेलबद्दल. ओएलईडी घेतला, म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि विझतो तो, काळा रंग खरंच काळा, ट्यूबच्या सगळ्यात जवळ. पण एका गोष्टीत अजूनही ट्यूबच वरचढ आहे, ती म्हणजे हालचाल. ट्यूबवरचा प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून लगेच विझायचा, बाकीचा वेळ तिथे जवळजवळ अंधार. फ्लॅट स्क्रीन मात्र पुढची फ्रेम येईपर्यंत चित्र धरून ठेवते, पूर्ण 16.7 मिलिसेकंद, आणि आपले डोळे सोनिकच्या मागे पळत असतात म्हणून ते पुसट होतं. ओएलईडीचा पिक्सेल कितीही झटपट बदलला तरी हे होतंच, धरून ठेवणं हाच दोष. यावर उपाय म्हणजे मधे काळी फ्रेम घालणं, बीएफआय म्हणतात, त्याने चित्र एकदम कडक होतं पण उजेड निम्मा. त्यात स्कॅनलाइन आणि जाळीने आधीच उजेड खाल्लेला. म्हणून एचडीआर असलेला, भरपूर उजेडाचा टीव्ही घ्या, जाळी लावूनही चित्र मरगळत नाही. मी बीएफआय फक्त सोनिकसाठी आणि रात्री लाइट बंद करून लावतो, दिवसा नाही.

एक बारीक गोष्ट, बऱ्याच जणांचं डोकं इथे फिरतं. एनईएस बरोबर 60 हर्ट्झवर चालत नाही, 60.0988 वर चालतो. ट्यूबला काही फरक पडायचा नाही, जे येईल ते काढायची. नव्या टीव्हीतले काही अशा आकड्याला बिचकतात आणि 'नो सिग्नल' दाखवतात. स्केलरमध्ये पक्के 60 लावलं तर सगळीकडे चालतं, पण साधारण दर दहा सेकंदाला एक फ्रेम गळते, सलग स्क्रोल होत असेल तर बारीक हिसका बसतो. कन्सोलच्याच चालीवर बांधून ठेवायची सोय असते, तुमचा टीव्ही घेत असेल तर तीच लावा, लॅगही त्यातच सगळ्यात कमी. मी हे तीन महिने उशिरा शोधलं आणि तोवर कॅसेट खराब झाली म्हणून पिना पुसत बसलो होतो.

बर्न-इनची, म्हणजे एकच चित्र फार वेळ राहून स्क्रीनवर कायमचा डाग पडायची भीती मला आहे, खोटं कशाला बोला. 4:3 चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे, वर स्कोअर एकाच जागी तासन् तास, ओएलईडीला हे सोसत नाही. म्हणून सलग फार वेळ एकच गेम चालू ठेवत नाही आणि पॉझ करून जेवायला जायची जुनी सवय मोडली. चित्र ताणून पट्टे घालवा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, मारिओ परत जाडा होईल.

खरी मशीन नसतील तर कॉम्प्युटरवर एमुलेटर चालवणारा रेट्रोआर्क आणि त्यातला ट्यूबचा भास देणारा सीआरटी-रॉयल शेडर लावा, चित्र स्केलरच्या तोडीस तोड येतं, आणि त्यात रन-अहेड म्हणून एक सोय आहे ती गेमचा स्वतःचा उशीरसुद्धा खाऊन टाकते, जो ट्यूबवरही असायचा. मला कॅसेट खटकन बसल्याचा आवाज लागतो म्हणून मी तिकडे गेलो नाही, बाकी काही कारण नाही.

जे गेलं ते गेलं असं एकच, टीव्हीवर नेम धरायची गेमची बंदूक. भाच्याला मोठ्या कौतुकाने एनईएसवरचा बदकं मारायचा डक हंट लावून दिला. त्याने नेम धरला, मारलं, बदक उडून गेलं. परत मारलं, परत उडालं, मग कुत्रा वर येऊन हसला. पोरगं पार स्क्रीनला नळी टेकवून मारायला लागलं तरी कुत्रा हसतोच आहे. शेवटी म्हणाला, "मामा, माझा नेम इतका वाईट नाहीये." त्याचं काही चुकलं नव्हतं. ट्रिगर दाबला की गेम स्क्रीन एका फ्रेमसाठी काळी करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, बंदुकीतल्या सेन्सरला नेमक्या त्याच क्षणी उजेड दिसला तर बदक पडतं. चौकोन ट्यूबवर तिथल्या तिथे उमटायचा, फ्लॅट स्क्रीनवर उशिरा उमटतो, आणि सेन्सरही ट्यूबच्याच लुकलुकीला जुळवलेला, त्यामुळे तो समोर चौकोन असून आंधळा. स्केलर कितीही भारी असो, इथे काही करू शकत नाही. कॅमेऱ्यावर चालणारी सिंडनसारखी नवी बंदूक मिळते, स्क्रीनभोवती पांढरी चौकट काढून नेम ओळखते, पण ती मुख्यतः एमुलेटरसाठी.

म्हणून एक 14 इंची ठोकळा शोधून आणला. कुणीतरी जिन्याखाली टाकून दिला होता, चॅनेलची बटणं चालत नाहीत, चालू करताना टप्प आवाज होऊन चित्र हळूहळू उजळतं आणि बारीक शिट्टी वाजते, जी मला आता ऐकू येत नाही पण भाच्याला येते, तो कानावर हात ठेवतो. मोठ्या टीव्हीच्या शेजारी जमिनीवरच ठेवलाय. भाचा आला की पहिल्यांदा तोच लावायला सांगतो, आणि कुत्रा हसला तर आता दोष त्याचा असतो.