औषधाने तांबड्या पेशी फुटल्या: जी६पीडीची कमतरता की अँटिबॉडी?

नवे औषध सुरू झाले, दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली आणि हिमोग्लोबिन ११ वरून ६ वर आले, तर संशयित औषध बंद करायचे यात वाद नाही. अडते त्यापुढे. स्टेरॉइड द्यायचे का? रक्तपेढीला काय कळवायचे? हे औषध पुन्हा देता येईल का? या प्रश्नांची उत्तरे पेशी *कशामुळे* फुटल्या त्यावर ठरतात: जी६पीडी (तांबड्या पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणारे एन्झाइम) कमी म्हणून, की औषधामुळे तयार झालेल्या अँटिबॉडीमुळे. मूत्रपिंडाचे काय होणार, हे मात्र बहुतांशी त्या *कुठे* फुटल्या यावर ठरते.

प्लीहेत पेशी मोडल्या तर हिमोग्लोबिन मॅक्रोफेजच्या (जुन्या पेशी गिळणाऱ्या पेशी) आतच मोडीत निघते. कावीळ दिसते, रक्त कमी होते, पण मूत्रपिंडाला फारशी झळ लागत नाही. रक्तवाहिनीतच फुटल्या तर गोष्ट वेगळी. मोकळे हिमोग्लोबिन रक्तातले हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन धरून ठेवते, पण तो साठा लवकर संपतो. उरलेले रेणू दुभंगतात आणि ते अर्धे तुकडे ग्लोमेरुलसमधून (मूत्रपिंडाची गाळणी) सहज गाळले जातात. प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या (गाळणीनंतरची पहिली नळी) पेशी ते आत घेतात आणि हीम व त्यातल्या लोहाने स्वतःच जखमी होतात. पुढच्या भागात हिमोग्लोबिन युरोमोड्युलिन या लघवीतल्या प्रथिनासोबत थिजून कास्ट (नळीच्या आकाराचा गोळा) बनते आणि नळी बुजते. शिवाय मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकते, त्यामुळे मूत्रपिंडातल्या वाहिन्या आकसतात. शरीरात पाणी कमी आणि लघवी आम्लधर्मी असेल तर हे सगळे अधिक वेगाने होते.

खात्री करायला महागडी तपासणी लागत नाही. लघवीच्या डिपस्टिकवर रक्त ३+ आणि मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी जवळपास नाहीत, असे दिसले की रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वरचा प्लाझ्मा गुलाबी-लाल असेल तर हिमोग्लोबिन. नेहमीसारखा पिवळसर नितळ असेल तर मायोग्लोबिनचा (स्नायूंतून येणारे प्रथिन) विचार करून सीके (स्नायूंच्या इजेत वाढणारे एन्झाइम) पाठवा. नमुना ओढाताणीने काढला असेल तर पेशी नळीतही फुटतात. अशा वेळी दुसरा नमुना घ्यावाच.

आता कारण. जी६पीडीच्या कमतरतेत औषध सुरू झाल्यापासून साधारण १ ते ३ दिवसांत पेशी फुटू लागतात. प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, डॅप्सोन आणि रॅसब्युरिकेज ही ठळक नावे. स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) कडेचा घास घेतल्यासारख्या पेशी दिसतात, खास रंग दिला तर हाइन्झ बॉडीज (बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे ठिपके). कूम्ब्ज (तांबड्या पेशींवर चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) निगेटिव्ह. डॅप्सोन किंवा रॅसब्युरिकेजनंतर पल्स ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकला असेल तर मेथहिमोग्लोबिनची (ऑक्सिजन वाहू न शकणारे बदललेले हिमोग्लोबिन) शंका घ्या. पण इथे हात आपोआप मेथिलिन ब्लू या त्यावरच्या नेहमीच्या औषधाकडे जातो, तो थांबवायला हवा: जी६पीडी नसेल तर ते काम करत नाही, उलट पेशी आणखी फोडते.

अँटिबॉडीच्या बाबतीत एकच चित्र नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आधी कधी मिळाले असेल तर नव्या डोसनंतर काही मिनिटांत ते तासांत, रक्तवाहिनीतच, भयंकर वेगाने पेशी फुटू शकतात. मुलांमध्ये हे जिवावर बेतते. रिफॅम्पिसिन मध्ये सोडून पुन्हा सुरू केले की हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणे) आणि मूत्रपिंड निकामी होणे जोडीने येऊ शकते. मेथिलडोपाचा प्रकार मात्र महिन्यांनी येतो, बहुतेक प्लीहेत घडतो, आणि त्यात मूत्रपिंड सहसा वाचते. कूम्ब्ज मागवताना आयजीजी (एक प्रकारची अँटिबॉडी) आणि सी३ (कॉम्प्लिमेंट या प्रतिकार यंत्रणेतले प्रथिन) दोन्ही मागा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनमध्ये अनेकदा सी३ च ठळक असते.

कूम्ब्ज निगेटिव्ह, प्लेटलेट कमी आणि स्मिअरमध्ये तुकडे झालेल्या पेशी दिसल्या तर या दोन्हींत गुंतू नका. तो थ्रोम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथीचा (बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन पेशी चिरडल्या जाणे) रस्ता आहे. क्विनीन, जेमसिटाबिन, टॅक्रोलिमस यांची चौकशी करा.

उपचारात स्टेरॉइडला जी६पीडीच्या प्रकारात जागा नाही. अँटिबॉडीच्या प्रकारात ती द्यायची प्रथा आहे, पण खरा उपचार औषध थांबवणे हाच. रक्त चढवायला दोन्हीकडे कचरू नये. रक्तपेढीला रुग्णाची सगळी औषधे कळवा, कारण सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या अँटिबॉडी औषध असेल तरच काम करतात आणि क्रॉसमॅच (रुग्ण व दात्याचे रक्त जुळते का ही चाचणी) बहुधा जुळते. मेथिलडोपाच्या प्रकारात सगळ्या पिशव्या न जुळणाऱ्या दिसू शकतात.

मूत्रपिंडासाठी सलाइन लवकर सुरू करा, लघवी ताशी प्रति किलो १ मिलीच्या वर ठेवा, पोटॅशियम दर काही तासांनी पाहा. वेदनाशामक एनएसएआयडी आणि अमिनोग्लायकोसाइड टाळा. बायकार्बोनेटचा फायदा पक्का सिद्ध नाही. दिलेच तर पीएच आणि कॅल्शियम बघत. लघवी आटली असताना सलाइन ओतत राहिलात तर फुफ्फुसात पाणी भरेल, तेव्हा वेळेत डायलिसिसकडे वळा. बिलिरुबिन फार वाढले असेल तर जाफे पद्धतीने (रंगावरून) मोजलेले क्रिएटिनिन खोटे कमी दिसू शकते, म्हणून लघवीच्या मोजमापावर जास्त विसंबावे.

जी६पीडीची तपासणी ऐन हिमोलिसिसमध्ये फसवते: जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम भरपूर असते. नॉर्मल आली तरी साधारण ३ महिन्यांनी पुन्हा करा. कमतरता ठरली तर व्हायव्हॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, प्रति किलो ०.७५ मिलीग्रॅम, ८ आठवडे, देखरेखीखाली देता येते. टॅफेनोक्विनचा एकच डोस शरीरात अनेक आठवडे राहतो, परत काढता येत नाही. ते इथे नकोच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन वा रिफॅम्पिसिनच्या अँटिबॉडीने पेशी फुटल्या असतील तर डोस कमी करूनही पुन्हा देऊ नका, आणि औषधाचे नाव डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा.