फुकटचा डिफेंडर दुकानाला पुरतो का? सात वर्षांच्या वापरानंतर

बार्शीत आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ऑनलाइन अर्ज अशी कामं असतात. दिवसाला पंधरा-वीस परके पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लागतात, लग्नसराईत त्याहून जास्त. त्यामुळे "विंडोजबरोबर येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर पुरतो, की विकतचा अँटिव्हायरस घ्यावा?" हा प्रश्न मला ओळखीतले बरेच जण विचारतात. मी सात वर्षं तोच वापरतेय. माझं उत्तर: पुरतो, पण आहे तसा सोडून दिला तर नाही.

आधी २०१४ सालची गोष्ट सांगते. तेव्हा विंडोज ७ होतं आणि विकतचा अँटिव्हायरस होता. त्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती, मी नूतनीकरण केलं नव्हतं. चाचणीच्या आदल्या दिवशी एक बाई प्रश्नपत्रिका घेऊन आल्या. पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लावला आणि बघता बघता त्यांच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. फायली गेल्या नव्हत्या. हा शॉर्टकट व्हायरस मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डरही उघडतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. अ‍ॅट्रिब ही कमांड देऊन रात्री साडेनऊला सगळं परत दिसायला लागलं. पण लागण माझ्या मशीनमधून झाली होती आणि त्या दिवशी आणखी किती जणांच्या घरी ती गेली असेल, हे आजही मनाला लागून आहे.

आता डिफेंडरबद्दल. तो विंडोजमध्येच असतो, त्याची मुदत संपत नाही आणि नव्या व्हायरसांची माहिती विंडोज अपडेटबरोबर आपोआप येते. दुसरा अँटिव्हायरस टाकलात तर तो स्वतःहून बाजूला होतो. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पेनड्राइव्हवरची फाइल उघडायला गेलं की तो तिथेच अडवतो. गेल्या लग्नसराईत एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर पत्रिकेचा मजकूर म्हणून पीडीएफचं चित्र असलेली फाइल होती, प्रत्यक्षात ती ईएक्सई, म्हणजे क्लिक केल्यावर चालू होणारा प्रोग्रॅम होती. मी क्लिक करायच्या आत डिफेंडरनं ती क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकली. तेव्हापासून फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फायलींची एक्सटेन्शन (नावाच्या शेवटची .pdf, .exe अशी अक्षरं) दिसतील अशी सोय मी दोन्ही मशीनवर करून ठेवली आहे. तुम्हीही आजच करा.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. फुल स्कॅन लावला तरी पेनड्राइव्ह त्यात मुळात धरलेला नसतो. म्हणून मी प्रत्येक पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून गिऱ्हाइकासमोरच स्कॅन करते. मशीनमध्येच काही शिरल्याची शंका आली तर ऑफलाइन स्कॅन. त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात.

रॅन्समवेअर म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. खरं मोल आहे ते डिफेंडरच्या रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधल्या 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस'चं. ही सोय मुळात बंद असते, आपल्याला चालू करावी लागते. मग ओळखीचा नसलेला प्रोग्रॅम तुमच्या ठरावीक फोल्डरांतल्या फायली बदलू शकत नाही. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज ही फोल्डरं त्यात आपोआप येतात. माझं सगळं काम डी ड्राइव्हवर, म्हणून ते फोल्डर वेगळं जोडावं लागलं. पहिल्याच दिवशी माझं जुनं डिझाइनचं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करेना. प्रोटेक्शन हिस्ट्री उघडून त्या प्रोग्रॅमला परवानगी दिली आणि काम सुरू झालं. एवढ्या त्रासाला कंटाळून हे बटण बंद करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आला तेव्हा जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद झाले. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, पण ते कित्येकांनी घेतलं नव्हतं.

म्हणूनच विंडोज १० वाल्यांना कळकळीनं सांगते. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला व्हायरसांची माहिती २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, त्यामुळे हिरवी टिकखूण दिसत राहील. पण विंडोजमधली नवी छिद्रं तिच्यानं बुजत नाहीत. त्यासाठी जादा मुदतीच्या अपडेटची वेगळी नोंदणी करावी लागते. माझ्या झेरॉक्सजवळच्या जुन्या मशीनसाठी मी ती केली आहे.

जिथे डिफेंडर काही करू शकत नाही ती जागा म्हणजे क्रॅक केलेली, म्हणजे पैसे न देता कुलूप तोडून वापरायची, सॉफ्टवेअरं आणि फाँट. आमच्या धंद्यात ती सर्रास फिरतात आणि बरोबरच्या सूचनेत पहिलीच ओळ असते, 'इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवा'. आपणच कडी काढून दिली तर आत येणाऱ्याला कोण अडवणार? युनिकोडमध्ये देवनागरीचे चांगले फाँट आता अधिकृतपणे फुकट मिळतात, मी पत्रिकांसाठी तेच वापरायला लागलेय.

घरी एकच कॉम्प्युटर असेल, बँकेचं आणि मुलांच्या अभ्यासाचं काम त्यावर होत असेल, तर डिफेंडरवर पैसे वाचवा आणि त्या पैशात एक बाहेरची हार्डडिस्क घ्या. माझ्याकडे दोन आहेत. दर शनिवारी दुकान बंद करताना एकीवर सगळ्या कामाची कॉपी घेते आणि वायर काढून ती घरी नेते. दुसरी तोवर घरच्या कपाटात असते, पुढच्या शनिवारी तिची पाळी.