पाच तारांचा बेस आणि काळी दोनची पट्टी: मागच्या गणपतीपासूनचा अनुभव

सीमाभागात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने पाच तारांचा बेस गिटार घ्यावा की नाही, हे गायकाच्या पट्टीवर, म्हणजे त्याचा सा कुठल्या स्वरावर आहे यावर, ठरतं, असं माझं आता ठाम मत आहे. आमच्याबरोबर अभंग आणि भक्तिगीतं म्हणणारे पुरुष गायक बहुतेक काळी एक किंवा काळी दोनमध्ये (पेटीवरची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी सा धरून) गातात. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा स्वर ई, म्हणजे पांढरी तीन. काळी दोन त्याच्या अर्ध्या स्वराने खाली, काळी एक दीड स्वराने. म्हणजे काळी दोनचा षड्ज शेजारच्या ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर (मानेवरच्या सहाव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी) घ्यावा लागतो आणि पंचम त्याच्या खाली सापडतो. कडवं संपून धृपद येताना बेसला पंचमावरून उतरून षड्जावर बसायचं असतं. चार तारांवर तिथे उतरताच येत नाही, चढावं लागतं. समोरच्याला कारण सांगता येणार नाही, पण गाणं जमिनीला टेकलं नाही असं त्यालाही वाटत राहतं.

कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दाबून मोकळा होतो. बेसवाल्याला ती सोय नाही. ई तार एक स्वर उतरवून डीला लावली तर काळी दोन मिळते, पण काळी एक तरीही मिळत नाही, आणि त्या तारेवरची सगळी बोटं दोन फ्रेट सरकतात. अभंग संपला की लगेच लावणी, तिच्यामागे कन्नड सिनेमातलं द्वंद्वगीत असा आमचा क्रम असतो. निवेदकाच्या दोन वाक्यांत तार वर-खाली करत बसायला वेळ कुठला?

म्हणून मागच्या गणपतीच्या आधी पाच तारांचा घेतला. सुरुवातीच्या किमतीतलाच आहे: ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), अॅक्टिव्ह प्रीअँप (बेसमध्येच बसवलेलं, बॅटरीवर चालणारं आवाज घडवायचं सर्किट), तारा .०४५ ते .१३० इंच जाडीच्या. पाचवी तार म्हणजे खालची बी. (फेंडरने १९६५ साली पहिल्यांदा पाच तारांचा बेस काढला तेव्हा जादाची तार वरच्या बाजूला होती, सी. आपल्या कामाला ती काही उपयोगाची नव्हती.) आता काळी दोनचा षड्ज बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि पंचम शेजारच्या ई तारेच्या सहाव्यावर. हात जागचा हलत नाही. काळी एक असेल तर तीच बोटं दोन फ्रेट मागे.

माझ्या मते पाचव्या तारेची खरी कमाई हीच, हात एका जागी राहण्याची. छाती हादरवणारा आवाज मिळेल म्हणून घेणार असाल, तर आधी स्पीकर बघा. बी तारेचा मूळ स्वर ३०.९ हर्ट्‌झचा, काळी दोनचा खालचा षड्ज ३८.९ चा. लग्नाच्या हॉलमध्ये स्टँडवर जे दोन टॉप (मुख्य स्पीकर) उभे असतात, त्यांच्यातून एवढं खालचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. कानाला ऐकू येतात ते त्या स्वराच्या वरचे अंश, आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा स्वर भरून काढतो. म्हणून प्रीअँपवर बेसचा नॉब जवळपास मध्यावरच ठेवायचा आणि मिड, म्हणजे मधल्या स्वरांचा नॉब, थोडा वर उचलायचा. नंदगडकडच्या एका हॉलमध्ये एवढ्याने बेसची ओळ शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचली. सार्वजनिक मंडळाच्या स्टेजवर अठरा इंची सब (फक्त खालच्या स्वरांचे मोठे स्पीकर) असतात, तिथे मात्र खालचा षड्ज पायातून वर येतो. तिथे नॉबला हात न लावलेलाच बरा.

सब शेजारी असले की मोकळी बी तार आपोआप घुमायला लागते. वाजवत नसताना उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर टेकून ठेवायचा, वरच्या तारांवर गेलं की अंगठाही एकेक तार पुढे सरकवायचा. ही सवय बसायला मला अख्खं गणपती-नवरात्र लागलं. वजनाचंही सांगतो. तीन तास उभं राहून वाजवायचं तर रुंद पट्टा हवाच. बेसबरोबर मिळणारा अरुंद पट्टा खांद्यात रुततो.

पावसाळ्यात मानेचा बाक बदलतो. खानापूर-कणकुंबीकडे हवेत जो ओलावा असतो, त्यात लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात परत आकसतं. बी तार जाड आणि सैल, त्यामुळे खडखड पहिल्यांदा तिथेच ऐकू येते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्यापाशी बघायचं. तार आणि फ्रेटमध्ये साधारण ०.३ मिलिमीटर फट असली की ठीक. ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. अॅक्टिव्ह बेसची नऊ व्होल्टची बॅटरी केबल जॅकमध्ये असेपर्यंत खर्च होत राहते, म्हणून मध्यंतरात केबल काढायची आणि पिशवीत एक बॅटरी जादा ठेवायची. निपाणीत रात्री नऊला नऊ व्होल्टची बॅटरी शोधत फिरण्यात अर्थ नाही.

यानंतर पैसे घालायचे तर ते डीआय बॉक्सवर घाला. मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि गिटारची साधी केबल तेवढ्या लांबीवर हम (विजेची घुमणारी गुणगुण) ओढून घेते. डीआय बॉक्स सिग्नल बॅलन्स्ड करून माइकच्या केबलवरून पाठवतो, मग अंतराचा प्रश्न राहत नाही. स्वतःचा डीआय नेला की साउंडवाल्याकडे कोणतं सामान असेल याची काळजी मिटते. मग प्रत्येक गावात आपला आवाज जवळपास तोच राहतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. हम येतो म्हणून अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणारे लोक अजूनही भेटतात. तसं करू नका, कुणाला करूही देऊ नका. बेसच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ते तुटलं आणि आत काही बिघडलं, तर एक हात तारेवर आणि ओठ माइकला असलेल्या माणसातून करंट जातो. जनरेटरवर चालणाऱ्या, पावसाने भिजलेल्या स्टेजवर हे जिवावर बेतू शकतं. हम घालवायला डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते फक्त सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग जागेवरच राहतं. आमच्या ग्रुपमध्ये आता नियमच आहे: आधी प्लग तपासायचे, मग बाकीचं सामान उघडायचं.

येळ्ळूरच्या कार्यक्रमात जुन्या कीबोर्डवाल्या काकांनी विचारलं होतं, "ह्या पाचव्या तारेचं काय करूलास रे?" काकांचा डावा हात वर्षानुवर्षं बेस वाजवत आलेला. दोघं एकाच ठिकाणी वाजवायला लागलो की खाली नुसता चिखल होतो, त्यात ऑक्टापॅडची (इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅडची) किकही तिथेच पडते. मग असं ठरलं, की भक्तिगीतांत खालचं सप्तक पूर्ण माझं, काकांचा डावा हात मधल्या सप्तकाच्या वरच. लावणीत ढोलकीला जागा हवी, तिथे मी बी तारेवर जातच नाही, तोडून छोटे स्वर घेतो. आता तेच काका अभंगाला षड्ज खाली घेतला नाही तर मान वळवून माझ्याकडे बघतात.

फक्त हिंदी गाणी मूळ पट्टीत आणि ट्रॅकवर (आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर) करणार असाल, तर चार तारा पुरेशा आहेत. ट्रॅकमध्ये बेस आधीच असतो, त्यावर आणखी एक चढवायची गरज नाही. गायकाच्या पट्टीप्रमाणे लाइव्ह वाजवत असाल तर पाचच घ्या, आणि दुकानात बी तारेचा चौथा फ्रेट अँपवर वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वर स्वच्छ उभा राहिला नाही, गुरगुरला, तर दुसरा नग मागा. जमलं तर ३५ इंची स्केलचाही हाताळून बघा. त्यात बी तार जास्त ताणलेली राहते, फक्त पहिल्या चार फ्रेटांत बोटं थोडी जास्त फाकवावी लागतात.