म्हातारा लॅपटॉप, मालवणचा पाऊस आणि लिनक्स मिंट: सहा महिने वापरून सांगतोय

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे रिव्ह्यू किती मनावर घ्यायचा ते तुमचं तुम्हाला कळेल. मालवणात बाजारात माझं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म, सातबारा-आठ अ काढून देणं, लॅमिनेशन, आणि सीझनला किल्ला बघायला आलेल्या पर्यटकांची परतीची रेल्वे तिकिटं. इंजिनिअर वगैरे नाही, साधा बीकॉम. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची ती खिडकी, उघडलं की घाम फुटायचा, आता नुसतं कपाळाला आठी पडते, एवढीच काय ती प्रगती.

मशीन म्हणाल तर २०१३ चा लॅपटॉप, थर्ड जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम, बॅटरी केव्हाच मेलेली त्यामुळे चार्जर निघाला की खेळ खल्लास, खाऱ्या हवेनं एक युएसबी पोर्ट गंजलेला आणि दरवर्षी मे महिन्यात की-बोर्डखाली मुंग्यांचं कुटुंब. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे वर्षभर ऐकत होतो, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे पाच पिढ्या कमी पडतायत. आठ पिढ्यांचे वारस लागलेले सातबारे मी रोज प्रिंट करतो हो, पण लॅपटॉपला वारस कुठून आणू.

तर पुण्यात शिकणारा भाचा मे महिन्यात आंबे खायला आलेला, त्याच्याच मागे लागलो. तो म्हणाला मामा तुला मिंट बस, विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, त्यातलं एक्सएफसीईवालं घे. मिंटचे तीन प्रकार येतात, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई, त्यातलं हे सगळ्यात हलकं. कागदावर २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते, पण ४ जीबी रॅम असेल तरच त्या वाटेला जा असं मी म्हणेन. जुनी हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी टाकली, खर्च तेवढाच, बाकी सगळं फुकट. विंडोजपण एका कोपऱ्यात ठेवलं, का ते पुढे सांगतो. आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, उतरवल्यावर भाच्यानं चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते सांगणारा आकडा, जुळवून बघितला, मला वाटलं शायनिंग मारतोय, तर म्हणाला २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटची साइट हॅक होऊन १७.३ सिनॅमनच्या आयएसओची लिंक बदललेली, लोकांनी बॅकडोअरवाली, म्हणजे आत चोरवाट असलेली फाइल उतरवली. आता मीपण जुळवतो. दोन मिनिटं जातात, जाऊदे.

इन्स्टॉल अर्ध्या तासात झालं. आणि वायफाय गायब.

लिस्टमध्ये घरचं नेट नाही, शेजाऱ्याचं नाही, काहीच नाही. चिप ज्या कंपनीची तिचा ड्रायव्हर बंद डब्यातला, तो वेगळा टाकायला लागतो, आणि टाकायला नेट पाहिजे, नेटला वायफाय पाहिजे. भाच्यानं फोन केबलनं जोडला, युएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला, चालू केलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्यात एक नाव आलं त्याच्यापुढे टिंब दिलं, रिस्टार्ट, वायफाय हजर. पाच मिनिटांचं काम पण माहीत नसेल तर माणूस त्याच दिवशी परत विंडोज टाकेल. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवाल्यांनो, टेदरिंगची केबल जवळ ठेवूनच सुरुवात करा.

दुसरं दुखणं प्रिंटरचं, आणि त्यात चूक शंभर टक्के माझी. मिंटनं प्रिंटर आपणहून ओळखला, मी खूश, पहिला सातबारा प्रिंटला दिला तर प्रिंटर नुसता नारिंगी लाइट मारत बसला. कागद आहे, टोनर आहे, केबल आहे. समोर आजोबा काठी टेकून उभे, बाहेर त्यांची रिक्षा थांबलेली. केबल काढून घातली, प्रिंटर बंद-चालू केला, ट्रेमधले कागद काढून फुंकर मारून परत ठेवले, हे सगळे आपले परंपरागत उपाय. शेवटी भाच्याला फोन. तो म्हणाला ब्राऊझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ६३१ लिही. लिहिलं तर प्रिंटरचं अख्खं पान उघडलं, आणि त्यात कागदाचा साइज: लेटर. भाषेच्या सेटिंगमध्ये घाईत मी रीजन युनायटेड स्टेट्स ठेवलेलं, आणि अमेरिकेत ए४ नाही, लेटर वापरतात, म्हणून प्रिंटर बिचारा अमेरिकेतला कागद घालायची वाट बघत होता मालवणात बसून. ए४ केलं, रीजन इंडिया केलं, धडाधड तीन सातबारे बाहेर आले कारण मी वैतागून तीनदा प्रिंट दाबलेलं. आजोबांनी पैसे एकाचेच दिले.

मग घड्याळ. हे मला फार आवडलं, कारण यात कोणाचीच चूक नाही. मिंटमध्ये वेळ बरोबर, पण मध्येच विंडोज उघडलं की सकाळी अकरा वाजता तिथे पहाटेचे साडेपाच. मी बरोबर करायचो, परत मिंटमध्ये जाऊन आलो की परत साडेपाच तासांनी मागे. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज समजतं की ती इथलीच वेळ आहे, म्हणून आपल्याकडे फरक बरोब्बर साडेपाच तासांचा पडतो, त्याच्यावरूनच रोग ओळखायचा. मी सोपा उपाय केला, टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. मिंटनं ऐकलं, पण नंतर टाइमडेटसीटीएल नुसतं मारलं की वॉर्निंग देतं की असं करणं बरं नव्हे. घरातल्या मोठ्या माणसासारखं, करू देतात पण बोलून दाखवतात.

पावसाळ्याचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे कारण कोकणात ओएसची खरी परीक्षा तीच. जुलैत एका दिवसात सात वेळा लाइट गेली, इन्व्हर्टर मान टाकलेला, आणि माझ्या लॅपटॉपला बॅटरी नाही म्हणजे सात वेळा धाडकन बंद. सहा वेळा काही झालं नाही, आपलं आपण सावरून उठला. सातव्या वेळी काळी स्क्रीन, वर काहीतरी इंग्रजी आणि खाली कंसात इनिट-रॅम-एफएस असं लिहून कर्सर लुकलुकतोय. मला वाटलं एसएसडी गेली, दुकान गेलं, आता काय. पण वर नीट वाचलं तर उपाय तिथेच लिहिलेला की एफएससीके, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, हातानं चालवा. फोनवर भाच्यानं सांगितलं तसं एफएससीके, स्पेस, डॅश वाय, स्पेस आणि स्क्रीनवर दिसतंय ते पार्टिशनचं नाव, माझं स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए५. एंटर मारल्यावर धबधब्यासारख्या ओळी पडल्या, मग एक्झिट लिहिलं आणि डेस्कटॉप हजर, फाइली जागच्या जागी. तेव्हापासून ती ओळ कागदावर लिहून लॅमिनेट करून काउंटरच्या आत चिकटवलीय. लॅमिनेशन घरचंच.

आता गणपती. आमच्याकडे गणपतीला अख्खं घर गोळा होतं आणि यंदा त्यात दोन लिनक्सवाले. एक हा भाचा, तो आर्च नावाचं लिनक्स वापरतो, आणि आर्च वापरतो हे तो कोणी न विचारता सांगतो. दुसरा माझा डोंबिवलीचा चुलतभाऊ, सर्व्हर सांभाळायची नोकरी, कट्टर डेबियनवाला, तेपण लिनक्सच. डेबियन १३ आलं ९ ऑगस्टला आणि गणपती बसले २७ ला, त्यामुळे भाऊ नुकताच अपग्रेड करून आलेला, तोंडावर नुसतं तेज.

भाचा त्याला म्हणाला, "मामा, डेबियन म्हणजे सुका बांगडा. दोन-दोन वर्षं जुनी पॅकेजं घेऊन बसायचं."

भाऊ पाटावर बसून दुर्वा निवडत होता, मान वर न करता म्हणाला, "पावसात सुकोच लागता रे, ताजो खयसून हाडतलस?"

इथे ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मालवणात कितीही मोठा माणूस असूदे, सुक्यावरच येतो. भाचा गप. मग माझ्या मिंटवर घसरले दोघे. भाचा म्हणे मिंट म्हणजे मागे दोन छोटी चाकं लावलेली सायकल. भाऊ म्हणाला, "तेका नावा ठेवू नको. डेबियन आजो १९९३ चो, उबंटू बापूस २००४ चो, ह्यो नातू २००६ चो. घरातलोच आसा. तुझो आर्च २००२ चो, पण तो आमच्या घराण्यातलोच नाय."

आणि मग देवाघरचा न्याय बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेलेली असताना भाच्यानं लॅपटॉपवर अपडेट मारलं, मोबाइलचं नेट रडत-रखडत, बॅटरी किती उरलीय हे बघितलं नाही, आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, टाकून होता होता लॅपटॉप बंद. संध्याकाळी लाइट आल्यावर चालू होईना. आर्चची काही चूक नाही यात, बॅटरी न बघता कर्नल बदलायला घेतल्यावर कुठलीही ओएस मेली असती, पण त्या वेळी हे समजून घ्यायच्या मूडमध्ये घरात कोणी नव्हतं. त्याच्याकडे लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून लॅपटॉप सरळ चालू करता येतो तो, नाही. कोणाकडे होता? माझ्याकडे, मिंटचा. त्या छोट्या चाकांच्या सायकलवरून बूट करून त्यानं आपली डिस्क माउंट केली, सीएचरूट करून आपल्या बंद पडलेल्या आर्चच्या आत शिरला, पॅकमन या आर्चच्या प्रोग्रामनं कर्नल परत टाकला, बूटची फाइल बनवणारं एमकेइनिटसीपीआयओ चालवलं, आणि तिकडे बाहेर आरती सुरू झालेली तरी हा आत घामाघूम. "घालीन लोटांगण" ला लॅपटॉप सुरू झाला. भाऊ ताम्हण घेऊन दारातून फक्त एवढंच म्हणाला, "आता घाल." मी हसून हसून खाली बसलो.

बरं, रिव्ह्यू. रोजचं काम कसं चालतं. नुसतं चालू ठेवलं तर ८००-९०० एमबी रॅम खातं, उरलेली ब्राऊझर खातो, आणि ४ जीबीत फॉर्मची सहा-सात टॅब उघडली की जड होतं, त्याला कुठलीच ओएस काही करू शकत नाही, टॅब बंद करायची सवय लावा. पीडीएफ जोडणं, फोटो ५० केबीच्या खाली आणणं, स्कॅन, हे सगळं विंडोजपेक्षा सुटसुटीत झालं. मराठी टायपिंगला मी आधीपासून इनस्क्रिप्टवाला, ते की-बोर्डच्या लेआउटमध्ये मराठी निवडलं की संपलं, आणि ज्यांना उच्चाराप्रमाणे लिहायचंय त्यांना कगप नावाचा लेआउट तिथेच खाली आहे, वेगळं काही उतरवायला लागत नाही. पण जुन्या फॉन्टमधले अर्जांचे नमुने, जे युनिकोडच्या आधीच्या काळातले पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर फिरतायत, ते उघडले की नुसते इंग्रजी अक्षरांचे दगडधोंडे दिसतात. ते विंडोजवरपण तो फॉन्ट नसेल तर तसेच दिसतात म्हणा. मी बसून रोज दोन-दोन करत चाळीसेक नमुने युनिकोडमध्ये परत टाइप केले, पाऊस होता, गिऱ्हाईक नव्हतं.

टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमच्या प्रती ठेवणारा प्रोग्राम, चालू करा पण मर्यादा घाला. मी रोजची, आठवड्याची, महिन्याची सगळीच टिकं मारून ठेवली आणि ऑगस्टमध्ये डिस्क फुल. आता आठवड्याच्या दोन ठेवतो.

ऑक्टोबरमध्ये २२.१ वरून २२.२ वर गेलो. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, २२.१ ची झिया आणि २२.२ ची झारा. दिवाळीच्या आधी भाच्याचा फोन, स्पीकरवर, "मामा, झारा आली का?" आणि आत आई चकल्या तळत होती, ती आतूनच ओरडली, "झारो माझ्याकडे आसा, कोणाक व्हयो?" अपग्रेड अपडेट मॅनेजरच्या मेन्यूतून झालं, एक शब्द टर्मिनलमध्ये न लिहिता, आणि २२ ची अख्खी मालिका २०२९ पर्यंत चालणार, तोवर हा लॅपटॉप टिकला तर मीच त्याला हार घालेन.

आता विंडोज कोपऱ्यात का ठेवलं. एक, डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे युएसबीत लावायची चावी, त्याचं सॉफ्टवेअर माझ्याच्यानं मिंटवर चाललं नाही, दोन संध्याकाळी घालवल्या. दोन, दुकानाचे हिशोब ज्या प्रोग्राममध्ये आहेत तो फक्त विंडोजचा. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमध्ये टाकून बघितला, उघडतो, पण बिल प्रिंट करताना मान टाकतो, पैशाच्या बाबतीत मी असली रिस्क घेत नाही. महिन्यातून दोन-तीनदा विंडोज, तेपण कामापुरतं, बाकी सगळा महिना मिंट. तुमचं निम्मं काम डोंगलवर असेल तर सरळ नवीन मशीन घ्या, माझं ऐकून फसू नका.

पाचपैकी चार स्टार. कापलेला एक डोंगलसाठी, मिंटचा त्यात दोष नाही पण माझ्या दोन संध्याकाळी गेल्या त्या कुठेतरी मांडायला नकोत का. टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून नुसतं लाइव्ह चालवून वायफाय, प्रिंटर, आवाज आणि स्वतःचा डोंगल एवढं बघून घ्या, त्यात डिस्कला हात लागत नाही. आणि पेनड्राइव्ह नंतर पुसू नका, घरात आर्चवाला भाचा असेल तर बिलकुल नको.