डिक्कीचे शॉकर: कंपनीचे, बाहेरचे की गॅस भरून घेतलेले?

पौषातल्या एका सकाळी इंदूरच्या रामबागेत आई भाजीच्या पिशव्या गाडीत ठेवत असताना डिक्कीचे दार हळूच खाली आले आणि तिच्या खांद्यावर टेकले. दुपारी तेच दार निमूटपणे वर उभे राहिले. ‘सर्दी में ऐसा होता है’ असे सांगून मेकॅनिकने विषय मिटवला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण अर्धेच होते. डिक्कीचे दार वर धरून ठेवणाऱ्या शॉकरच्या नळीत दाबाने भरलेला नायट्रोजन असतो आणि तापमान १० अंशांनी बदलले की त्याचा दाब सुमारे साडेतीन टक्क्यांनी बदलतो. म्हणजे ८ अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार यांच्यात १२ टक्क्यांचा फरक पडतो. धडधाकट शॉकर एवढी घट सहज सोसतो. ज्याच्यातला वायू आधीच झिरपून गेला आहे, तोच थंडीत मान टाकतो.

त्यामुळे पहिली तुलना देखभाल आणि बदल यांच्यात करावी लागते, आणि ती लवकर आटोपते. नळी सीलबंद असल्याने आतला एकदा कमी झालेला दाब बाहेरून काही केल्या परत येत नाही. नळीतून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसत असेल किंवा दार वर टिकत नसेल, तर देखभालीची वेळ टळून गेलेली आहे. तोपर्यंत करण्यासारखे एवढेच, की गाडी धुतल्यावर चकचकीत दांडा मऊ, स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावा. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ बारीक असते आणि दांड्याला तेल किंवा ग्रीस चोपडले तर ती तिथेच चिकटून नळीच्या तोंडाशी वायू अडवणारे सील घासत राहते. ग्रीस लावायचेच असेल तर दोन्ही टोकांच्या गोळीच्या सांध्यात थेंबभर लावावे.

बदलायचेच ठरले की तीन वाटा समोर येतात. कंपनीचा मूळ भाग महाग पडतो; माझ्या हॅचबॅकसाठी बाहेरच्या चांगल्या जोडीला जवळजवळ निम्मेच पैसे पडले. मात्र मूळ भाग घेताना भाग क्रमांक जुळला की लांबी, टोके आणि ताकद आपोआप जुळतात, हा त्याचा खरा फायदा आहे. बटण दाबून उघडणाऱ्या मोटरच्या डिक्कीसाठी तर मी दुसरा विचारच करणार नाही, कारण अशा अनेक गाड्यांत शॉकरच्या जागी मोटर आणि स्प्रिंग असलेला वेगळाच दांडा बसवलेला असतो आणि तिथे साधा शॉकर चालत नाही.

बाहेरच्या मालात नाव पाहण्याआधी आकडा पाहावा. नळीवर बहुधा ३५० किंवा ५०० न्यूटन असे छापलेले असते. १०० न्यूटन म्हणजे जवळपास १० किलो वजनाइतका जोर. दुकानदार ‘थोडा ज्यादा पॉवरवाला ले लो’ म्हणतो, पण तो सल्ला मी ऐकला नाही. जास्त जोराचा शॉकर दार झटक्यात वर फेकतो, बंद करताना अंगाची ताकद लागते आणि बिजागरी व पत्र्यावर विनाकारण ताण येतो. कमी जोराचा घेतला तर आईच्या खांद्याचा प्रसंग पुन्हा ओढवणार. उघड्या आणि दाबलेल्या अवस्थेतली लांबीही मोजून घ्यावी, कारण शॉकर लांबीने कमी पडला तर दार पुरते उघडत नाही आणि जास्त झाला तर कुलूप लागायला त्रास होतो. मागे वायपर किंवा स्पॉयलर असलेल्या मॉडेलचा शॉकर तसाच दिसला, तरी त्याचा आकडा वेगळा असू शकतो. याच कारणामुळे ‘सब गाड़ी में लगता है’ म्हणून मिळणारी जोडी मी दुकानातच परत ठेवली.

तिसरी वाट म्हणजे जुन्या नळीला भोक पाडून, वाल्व किंवा स्क्रू बसवून गॅस भरून घेणे. स्वस्तात स्वस्त तीच आहे, पण मी तिच्या विरोधात आहे. दाब गेला तो बहुधा सील झिजल्यामुळे, आणि सील तर तसेच राहते. शिवाय दोन्ही नळ्यांत सारखा दाब भरला गेला याची खात्री कशी करायची? भंगारातल्या जुन्या गाडीचा शॉकर काढून आणणे हाही याच पंगतीतला उपाय आहे.

शॉकर नेहमी जोडीने बदलावेत, कारण एक नवा आणि एक थकलेला असेल तर दार एका कुशीवर कलते. बसवणे कठीण नाही. मी एका रविवारी तासाभरात उरकले. भावाने दार हातांनी धरले, शिवाय आम्ही खाली बांबूचा टेका दिला. टोकावरची तारेची क्लिप चपट्या पेचकसाने जराशी उचलायची, पूर्ण काढायची नाही, आणि सांधा गोळीवरून खेचून घ्यायचा. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. दांडा आणि नळी यांची दिशा जुन्यासारखीच ठेवावी. आतल्या थोड्याशा तेलाने सील ओले राहावे म्हणून ती ठरवलेली असते. दांडा पकडीत धरला तर त्यावर ओरखडा उठतो, आणि एवढ्यानेच नवा शॉकर लवकर गळू लागू शकतो.

जुनी जोडी भंगारवाल्याला देताना, आत अजून दाब असू शकतो आणि ती गॅस कटरने कापू नये किंवा आगीत टाकू नये, असे त्याला बजावून सांगावे. आमच्याकडच्याने ती हातात तोलून पाहिली, दांडा दाबायचा प्रयत्न केला, तो हलेना तेव्हा दोन्ही नळ्या मुकाट्याने पोत्यात वेगळ्या ठेवल्या.