रविवारचा कट्टा कुठे भरवावा: अमृततुल्य, वैशाली की कोपऱ्यावरचं कॉफी शॉप?

आम्ही सहा जण, सगळे साठीच्या आसपासचे. पुण्यात कट्टा जमवायचा म्हटलं की पहिला वाद जागेवरून. सगळीकडे बसून (आणि उभं राहून) झालंय, म्हणून सांगतो.

अमृततुल्यला तोड नाही, पण पंधरा मिनिटांपुरतीच. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी इथे रुजवलेला हा पितळी पातेल्यातला आलं-वेलदोड्याचा चहा घ्यावा, दोन विनोद करावेत आणि निघावं. कुणाला मनातलं बोलायचं असेल तर इथे नको. शेजारचा माणूस कप हातात धरून सगळं ऐकत असतो.

फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली किंवा डेक्कनचं १९३५ सालचं गुडलक. चवीबद्दल बोलायची माझी प्राज्ञा नाही. पण रविवारी सकाळी सहा जणांना एकत्र टेबल हवं असेल, तर दारात ताटकळणं आलंच. आत बसल्यावरही मागे उभ्या असलेल्यांची नजर तुमच्या डोशावर, किती उरलाय म्हणून. मधल्या वारी दुपारी तीनला जा, बन मस्का चहात बुडवून निवांत खा.

राहिलं कॉफी शॉप. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेने पहिलं दुकान काढलं, तेही इंटरनेटसकट. तेव्हापासून या दुकानांत आपण कॉफीपेक्षा बैठकीचे पैसे मोजतो. एका कॅपुचिनोचे दोनशे-अडीचशे ऐकून पहिल्यांदा पोटात गोळा येतो. मग दोन तास कुणी उठवत नाही, एसी असतो, स्वच्छतागृह असतं (साठीनंतर हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये), आणि हिशेब पटू लागतो. आमच्यातल्या दोघी तर म्हणतात, बायकांना एकट्यानं तासभर बसता येईल अशी जागा आधी होतीच कुठे?

खोट आहेच. एका ठिकाणी गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की आम्ही एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅप करत होतो. काउंटरवरून नाव पुकारतात, ते ज्याचं त्याला ऐकू जात नाही. टेबलं दोघांची, लॅपटॉपवाल्यांनी अडवलेली.

तरीही दर आठवड्याला भेटायचं असेल तर मी कॉफी शॉपच म्हणेन. साखळीतलं नको, सोसायटीजवळचं छोटं, सकाळी उघडल्या उघडल्या. वैशाली महिन्यातून एकदा. नवी जागा ठरवताना मी आता कॉफीचं विचारतच नाही. आधी फोन करून विचारतो, पाठ टेकायची खुर्ची आहे की नुसती उंच स्टुलं? आमच्यातल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.