गाभण कुत्री, वाढतं पिल्लू आणि कॅल्शियमची बाटली : पेट शॉपच्या फळीवरचा हिशेब

पेट शॉप पुण्यातलं असो की सोलापुरातलं, काउंटरमागची एक फळी ठरलेली असते. कॅल्शियमचं सिरप, लिव्हर टॉनिक, मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, केसांच्या चमकेसाठी तेल, सांध्यांच्या गोळ्या. हिमकॅल पेट, ऑस्टोपेट, न्यूट्रिकोट, लिव्ह ५२ पेट ही नावं कुत्रं पाळणाऱ्या बहुतेक घरांच्या ओळखीची आहेत. इथे ब्रँडला गुण द्यायचे नाहीत, फळीवरचा कोणता प्रकार कुणाच्या कामाचा आहे ते बघायचं आहे. या बाजारात चूक होते ती अशी : ज्या कुत्र्याला कॅल्शियम खरोखर कमी पडतंय त्याला बाटली पुरत नाही, आणि ज्याला ते भरपूर मिळतंय त्यालाच रोज दोन चमचे जादा जातात.

कॅल्शियमची बाटली हातात घेतली की आधी मागची बाजू वाचावी. तिथे क्षार लिहिलाय की प्रत्यक्ष कॅल्शियम, हे बघायचं. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं, म्हणजे ४० टक्के. कॅल्शियम ग्लुकोनेट असेल तर जेमतेम ९ टक्के. समजा १० मिलि सिरपमध्ये ३०० मिलिग्रॅम प्रत्यक्ष कॅल्शियम आहे. आता घरचा चिकन-भात खाणारा ३० किलोचा प्रौढ लॅब्रॅडॉर घ्या. त्याला दिवसाला साधारण १४०० किलोकॅलरी लागतात आणि त्या हिशेबाने कॅल्शियम पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम नावापुरतं, भातातही तेच. म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम बाहेरून द्यायला हवं. सिरपने द्यायचं तर रोज ५८ मिलि, २०० मिलिची बाटली साडेतीन दिवसांत खलास. डब्यावर लिहिलेल्या दोन चमच्यांत ही तूट भरत नाही, मालकाला मात्र भरल्यासारखी वाटते.

अशा प्रौढ कुत्र्यासाठी अंड्याच्या टरफलाची पूड सिरपपेक्षा सरस आहे. टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळायची, पूर्ण वाळवायची, मिक्सरच्या कोरड्या भांड्यात पिठासारखी दळायची आणि मैद्याच्या चाळणीने चाळायची. चाळणीवर राहिलेले कण पुन्हा दळायचे, कारण अणकुचीदार तुकडे तोंडात टोचतात. सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम पूड, यात १.९ ग्रॅम कॅल्शियम येतं. ३० किलोच्या प्रौढ कुत्र्याचं दिवसाचं काम एका चमच्यात झालं. जेवणात मांस भरपूर असेल तरच हा उपाय, कारण टरफलात फॉस्फरस जवळजवळ नसतो. दूध-भाकरी किंवा वरण-भातावरच्या कुत्र्याला फॉस्फरसही कमी पडतो आणि मुळात प्रथिनंही. तिथे चमच्याचा प्रश्न नाही, अख्खं ताट बदलायला हवं.

ही तूट महिनोन्‌महिने राहिली तर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडं पोखरतं. घरच्या अन्नावरचं पिल्लू सोफ्यावरून उडी मारतं आणि पाय मोडतो, तो बहुधा यामुळे. ‘मुडदूस झालाय, कोवळ्या उन्हात बसवा’ हा सल्ला तान्ह्या बाळाला लागू पडतो, कुत्र्याला नाही. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसं ड जीवनसत्त्व तयारच होत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं.

आता उलट बाजू. तीन महिन्यांचं, दहा किलोचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू चांगल्या कंपनीचं पपी फूड रोज ३०० ग्रॅम खातं. त्यात १.२ टक्के कॅल्शियम धरलं तरी ३.६ ग्रॅम पोटात गेलं, म्हणजे गरज भागली. वर कुणीतरी डायकॅल्शियम फॉस्फेटची पावडर दोन चमचे टाकायला सांगतं. दहा ग्रॅम पावडरीत सुमारे २.३ ग्रॅम कॅल्शियम. एकूण झालं ५.९ ग्रॅम, खाण्याच्या जवळपास दोन टक्के. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांसाठी अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेची कमाल मर्यादा आहे १.८ टक्के. दोन चमच्यांनी ती ओलांडली. प्रौढ कुत्रं जादा कॅल्शियम आतड्यातच अडवू शकतं, पण लहान पिल्लाला, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत, ते नीट जमत नाही. जे पोटात जातं त्यातलं बरंचसं शोषलं जातं. नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं गेलं. जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांची हाडांची आणि कूर्चेची वाढ बिघडली. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांच्या पिल्लांना पपी फूडवर असताना कॅल्शियम पावडर देऊ नये, इतकं हे स्पष्ट आहे.

पुढचे पंजे फाकलेत किंवा मनगट खाली बसलंय म्हणून सर्वांत जास्त बाटल्या खपतात. यातली बरीच पिल्लं गुळगुळीत टाइल्सवर वाढलेली असतात. पायाखाली रबरी मॅट टाकावी, रोज माती-गवतावर फिरवावं, वजन हाताबाहेर जाऊ देऊ नये, आणि बहुतेकांचे पाय काही आठवड्यांत सरळ होतात. बाटली चालू असताना पाय सुधारले की श्रेय बाटलीला मिळतं. पाय वाकडे होत चाललेत किंवा हात लावला की पिल्लू ओरडतं, तर मात्र एक्स-रे हवा.

गाभणपणात तर हा हिशेब आणखी जपून करावा लागतो. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा. पहिले पाच आठवडे तिला नेहमीपेक्षा फारसं जादा काहीच लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती दोन-चार दिवस कमी जेवते, आणि याच वेळी लिव्हर टॉनिक सुरू होतं. ती मंदी आपोआप जाते. (दोन दिवस काहीच खाल्लं नाही, उलट्या आहेत किंवा ताप आहे, तर ती वेगळी गोष्ट, डॉक्टरांकडे जावं.) पिल्लांच्या वजनाचा मोठा भाग शेवटच्या तीन आठवड्यांत वाढतो. म्हणून पाचव्या आठवड्यापासून सात-दहा दिवसांत हळूहळू साध्या पपी फूडवर किंवा ‘स्टार्टर’ नावाने मिळणाऱ्या, आई आणि पिल्लं दोघांसाठी असलेल्या अन्नावर आणावं. पाकिटावर ‘ग्रोथ अँड रिप्रॉडक्शन’ असं लिहिलेलं हवं. ‘लार्ज ब्रीड पपी’ शक्यतो नको, त्यात कॅल्शियम मुद्दाम बेताचं ठेवलेलं असतं. प्रमाण दर आठवड्याला थोडं वाढवत विण्याच्या वेळी नेहमीच्या सव्वापट ते दीडपट. पोटावर दाब असतो, म्हणून तेच चार वेळा विभागून. गाभण कुत्रीसाठी या बाजारात यापेक्षा चांगली खरेदी नाही.

आणि कॅल्शियम? पूर्ण आहारावर, म्हणजे सगळे पोषक घटक योग्य प्रमाणात असलेल्या तयार अन्नावर, असलेल्या गाभण कुत्रीला कॅल्शियमची बाटली देऊ नये. रक्तात कॅल्शियम कमी झालं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम ओढून घेतात. नऊ आठवडे बाहेरून जादा कॅल्शियम येत राहिलं की या ग्रंथी सुस्तावतात. मग कुत्री विते, दूध उतरतं, आणि अचानक रोज मोठ्या प्रमाणात कॅल्शियम दुधातून जाऊ लागतं. ग्रंथी जाग्या व्हायला वेळ लागतो, तोवर रक्तातली पातळी कोसळते. यालाच एक्लॅम्प्सिया म्हणतात. तो बहुधा व्याल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत येतो, पोमेरेनियन, शिह त्झू, चिवावा अशा लहान जातींत जास्त, आणि पिल्लं जास्त असतील तर धोका वाढतो. म्हणजे टाळण्यासाठी दिलेली बाटलीच आजाराला वाट करून देते.

तो येतो कसा ते ओळखता यायला हवं. आधी कुत्री अस्वस्थ होते, पिल्लांपाशी बसत नाही, विनाकारण धापा टाकते, नाक-तोंड पंजाने खाजवते. मग मागचे पाय ताठ, चाल लाकडी. लाळ गळते, अंगातले स्नायू थरथरतात, अंग तापतं, ताप १०५ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ शकतो. त्यानंतर आकडी. हे सगळं काही तासांत होतं. या अवस्थेत तोंडात सिरप ओतू नये, ते फुप्फुसात जातं. पिल्लं बाजूला करावीत, कुत्रीला पंख्याखाली ओल्या टॉवेलवर ठेवून ताबडतोब व्हेटकडे न्यावं. तिथे शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी हळू, हृदयाचे ठोके बघत दिलं जातं, कारण घाईने दिलं तर हृदयच थांबू शकतं. हे इंजेक्शन घरी टोचायचं नसतं. पिल्लांना निदान दिवसभर पिल्लांसाठीची दूध पावडर द्यावी आणि तीन आठवड्यांची असतील तर भिजवलेलं स्टार्टर सुरू करावं. आधीच्या वेतात एक्लॅम्प्सिया झालेल्या कुत्रीला कॅल्शियम देतात, पण विण्याच्या आधी नाही, व्याल्यावर, आणि मात्रा डॉक्टर ठरवतात.

घरच्या जेवणावरच्या गाभण कुत्रीला कॅल्शियम शून्यावर ठेवा असा याचा अर्थ नाही. तिचं ताट माजावर येण्याच्या आधीच सुधारायला हवं. ते राहून गेलं असेल तर स्टार्टरवर नेणं हाच सरळ मार्ग.

गाभणपणात खरोखर काम करणारं एक पूरक स्वस्तात मिळतं : फॉलिक ॲसिड. फ्रेंच बुलडॉग, बोस्टन टेरियर, पग, चिवावा या जातींत टाळू फाटलेली पिल्लं जास्त जन्मतात. माज सुरू झाल्यापासून गाभणपणाच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत फॉलिक ॲसिड दिल्याने हे प्रमाण घटल्याचं दिसलं आहे. लहान जातींना रोज ५ मिलिग्रॅमची गोळी देतात, तुमच्या कुत्रीची मात्रा व्हेटला विचारून घ्यावी. पोट दिसायला लागल्यावर सुरू करण्यात अर्थ नाही, टाळू तोवर जुळून झालेली असते.

दुसरं पूरक डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातलं ओमेगा-३. पिल्लांच्या मेंदूला आणि डोळ्यांना ते लागतं. चांगल्या पपी फूडमध्ये आधीच असतं, पाकीट वाचावं. नसेल तर आठवड्यातून दोनदा उकडलेली, काटे काढलेली तारली चालते, मीठ-मसाला न घालता. बाटली घ्यायची तर ‘फिश ऑइल’, ‘कॉड लिव्हर ऑइल’ नाही. कॉडच्या यकृताच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्वं भरपूर असतात. गाभणपणात अ जास्त झालं तर पिल्लांत व्यंग येऊ शकतं, आणि ड साठलं तर मूत्रपिंडांना इजा होते. दोन्ही बाटल्या पिवळ्या आणि शेजारीशेजारी असतात, म्हणून नाव नीट वाचूनच घ्यावी.

माणसांच्या गोळ्यांबद्दल कडक बोलायला हवं. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तीन किलोच्या पोमेरेनियनने एक गोळी खाल्ली तर किलोमागे २० मिलिग्रॅम झालं, आणि विषबाधेची लक्षणं तिथूनच सुरू होतात. गाभण म्हणून लोह द्यायचं कारण नाही. हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर आपल्याकडे पहिला संशय गोचीडतापाचा घ्यावा, रक्त तपासावं. ‘शुगर फ्री’ सिरप आणि गमीमध्ये झायलिटॉल असू शकतं. कुत्र्यात किलोमागे ०.१ ग्रॅमनेही रक्तातली साखर तासाभरात कोसळू शकते. गायी-म्हशींचं कॅल्शियम ‘थोडंसं’ म्हणून कुत्रीला पाजणंही बंद व्हावं, त्याची मात्रा चारशे किलोच्या जनावरासाठी बांधलेली असते. शतावरीची दूधवाढीची चूर्णं गाभण कुत्रीवर पुरेशी तपासलेली नाहीत, गाभणपणात नकोतच. व्याल्यावर दूध वाढवतं ते अन्न आणि पाणी : तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं.

बाकीच्या फळीबद्दल थोडक्यात. पूर्ण आहारावर मल्टिव्हिटॅमिन म्हणजे पैसे वाया. सांध्यांच्या ग्लुकोसामाइनचा पुरावा कच्चा आहे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या संधिवातावर वजन घटवणं आणि फिश ऑइल यांचा पाया जास्त भक्कम. जुलाबात कुत्र्यांसाठीचं प्रोबायोटिक उपयोगी पडतं, दही त्याची जागा घेत नाही. डोळ्यांभोवती, नाकावर खपल्या येत असतील तर तेलाच्या बाटलीआधी जस्ताचा विचार व्हावा : पोळी-भाकरीतलं फायटेट आणि जादा कॅल्शियम दोन्ही जस्त अडवतात. कॅल्शियमची बाटली बंद केल्यावर कातडी सुधारली, तर आश्चर्य मानू नये.

खरेदी करताना तीन गोष्टी बघाव्यात. घटक मिलिग्रॅममध्ये लिहिलेत का, मात्रा वजनाप्रमाणे दिली आहे का, आणि बॅच नंबर व तारीख आहे का. ‘फीड सप्लिमेंट’ असं छापलेलं असेल तर ते औषध नाही, हे ध्यानात ठेवावं. फिश ऑइल लहान बाटलीत घ्यावं, फ्रिजमध्ये ठेवावं, उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहावी. विदर्भातल्या मे महिन्यात कट्ट्यावर राहिलेली बाटली लवकर खवट होते. झाकण उघडून वास घ्यावा : ताज्या माशाचा आला तर ठीक, जुन्या रंगासारखा उग्र आला तर ओतून टाकावी.